शंभर म्हणजे किती

बाबांचा उरलेला डोळा राहील की जाईल हे डॉक्टरांना नक्की सांगता येत नव्हतं, आणि एका तासाची फिल्म जुन्या डिस्कवरून किती वेळात उतरेल हे मला सांगता येत नव्हतं. डॉक्टरांचं मी समजू शकतो. माझं मला अजून समजलेलं नाही, आणि एका वहीची अकरा पानं भागाकारांनी भरून झाली आहेत. शाळेत इतिहास शिकवण्यात माझी बत्तीस वर्षं गेली. सनावळ्या पाठ असल्या की माणसाला वाटतं, आकड्यांशी आपली ओळख आहे. ते साफ खोटं आहे.

बाबा पंचाऐंशीचे. काचबिंदूनं डावा डोळा आधीच नेला होता. उजव्यानं नळकांड्यातून बघावं तसं अगदी नाकासमोरचं तेवढं दिसायचं. मुंबईच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की ऑपरेशन केलं तर आहे ते बहुधा टिकेल, पण इतक्या पुढच्या अवस्थेत कधीकधी ऑपरेशननंतर तेही जातं. न केलं तर सावकाश जाईलच. बाबांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "तू वाडी कॅमेऱ्यात घेतली होतीस ना? ती एकदा दाखव मला. मग काय कापायचं ते कापू दे."

नागावला घरामागे आमची नारळ-पोफळीची वाडी आहे, म्हणजे होती. काही वर्षांपूर्वीच्या जूनमधल्या चक्रीवादळानं एका दुपारात ती आडवी केली. सात-आठ माड उभे राहिले, पोफळी तर नावाला नाही. नवी रोपं लावली आहेत, ती माझ्या कमरेइतकी आली आहेत. शेजारच्या वाडीत आता पर्यटकांसाठी खोल्या झाल्यात आणि तिथून दिवसभर गाण्यांचा दणदणाट येतो. बाबांना त्या दणदणाटाचं काही नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की वाडी आडवी झालेली त्यांनी चांगल्या डोळ्यानं पाहिली आणि तीच डोळ्यात राहिली. उभी वाडी एकदा बघून घ्यायची होती.

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी हौसेनं व्हिडिओ कॅमेरा घेतला, तेव्हा ती उभी वाडी मी तासभर टिपली होती. कॅसेटला खाऱ्या हवेनं बुरशी धरली. पण त्याआधी मी शहाणपणा करून ती फिल्म घरच्या कॉम्प्युटरमध्ये उतरवली होती. पुढे कॉम्प्युटर गंजला, भंगारात गेला, पण त्यातली डिस्क मी काढून, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून कपाटात ठेवली. या दूरदृष्टीबद्दल मी बायकोला किती वेळा ऐकवलं असेल याचा हिशेब नाही. तेव्हा बाबांनी विचारलं आणि मी छाती पुढे काढून म्हणालो, "दाखवतो की. आजच दाखवतो."

डिस्कच्या पाठीवर जे काय लिहिलेलं होतं त्यात शंभरचा आकडा ठळक होता. घरातल्या इंटरनेटची योजनाही शंभरची. जुनी डिस्क लॅपटॉपला जोडायची एक डबी मिळते, ती मी मागवली. तिच्या खोक्यावर चारशेऐंशी. फिल्म तेरा जीबीची, म्हणजे तेरा हजार एमबी. तेरा हजाराला शंभरानं भागलं, एकशे तीस सेकंद. दोन मिनिटं आणि वर थोडी. डबीचे चारशेऐंशी धरले तर अर्धं मिनिटसुद्धा नाही. मी बाबांना म्हणालो, "चहा होईपर्यंत होईल."

बाबा आत गेले आणि धुतलेला सदरा घालून आले. टीव्हीसमोर दोन फुटांवर खुर्ची ओढून बसले, कारण त्यापेक्षा लांबचं त्यांना सापडायचं नाही. डिस्क जोडली. आतून कट् कट् असा आवाज आला, पडद्यावर तिचं नाव उमटलं आणि गेलं. पुन्हा जोडली, पुन्हा उमटलं आणि गेलं. असे चार दिवस गेले. चारही दिवस बाबा सदरा बदलून येऊन बसले. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, आणि म्हणून मी त्यांच्यावरच डाफरलो, "झालं की हाक मारीन ना, आधीच कशाला येऊन बसता?" ते म्हणाले, "मला दुसरं काय काम आहे?"

पाचव्या दिवशी अलिबागला गेलो. कोर्टाच्या मागच्या गल्लीत एक बाई दुकान चालवतात. पुढच्या भागात प्रतिज्ञापत्रं टाइप करून मिळतात, झेरॉक्स निघतं, आणि मागच्या भागात जुनी यंत्रं उघडून ठेवलेली असतात. थळच्या कोळीवाड्यातल्या, पंचेचाळिशीच्या. बंद पडलेल्या डिस्कमधून काढता येईल ते काढून देतात, अशी त्यांची ख्याती. मी शिक्षक होतो हे माझ्या चपलांवरूनच ओळखलं असावं. पहिल्या वाक्यापासून मला सर म्हणू लागल्या. मी माझी वही त्यांच्यासमोर उघडली. त्यांनी पान वाचलं आणि पेन मागितलं.

"सर, डिस्कवरचा शंभर आन् तुमच्या घरच्या नेटचा शंभर ह्यो येक न्हाय."

"शंभर म्हणजे शंभर," मी म्हणालो. "त्यात दोन प्रकार कुठले?"

"हायेत ना. डिस्कवाला मोठ्यात मोजतो, नेटवाला छोट्यात. आठ छोटं मिलून येक मोठा. तुमच्या घरचा शंभर मोठ्यात आनला तर साडेबारा हुतो."

त्या मोठ्याला बाइट म्हणतात आणि छोट्याला बिट, हे मला माहीत होतं म्हणजे ऐकून माहीत होतं. पण लोक एकाच शतकात, एकाच कामासाठी, एकाच आकड्यानं दोन वेगळ्या गोष्टी मोजतात आणि त्याबद्दल कुणाला काही वाटत नाही, हे मला खरंच कळेना. डबीवरचे चारशेऐंशी? छोटे, म्हणजे मोठ्यात साठ. म्हणजे शंभरची डिस्क साठाच्या डबीपेक्षा वेगवान, आणि मी चार दिवस उलटं समजून बसलो होतो. पुढच्या पिढीतल्या डिस्कांवर दीड लिहिलेलं असतं आणि ते दीड आमच्या शंभरापेक्षा जास्त. का, तर ते दीड म्हणजे दीड हजार, आणि तेही छोटे. मी डोक्याला हात लावला. इतिहासात निदान एवढं तरी असतं की शके आणि इसवी सनात अठ्ठ्याहत्तरचा फरक, फार तर एकोणऐंशीचा, तो कायम. इथं प्रत्येक खोक्यावर वेगळं पंचांग.

बाई मात्र शांत होत्या. डिस्क ठेवून जा म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला आम्हाला मुंबईला जायला मांडव्याच्या बोटीसाठी घर सोडायचं होतं. संध्याकाळी बाबांना दाखल करायचं होतं. तारीख मोठ्या मुश्किलीनं मिळालेली, पुढे ढकलायची सोय नव्हती. हे मी त्यांना सांगितलं आणि का सांगितलं तेही सांगितलं. त्यांनी डिस्क कानाला लावून हलवून बघितली.

सकाळी साडेनऊला त्यांचा फोन आला की डिस्क जागी झालीय. नव्या यंत्राशी ती बोलत नव्हती, पण दुकानातल्या एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरला जोडल्यावर उठली. वेगानं धावायला लावलं की अडखळायची, म्हणून तो कॉम्प्युटरच एकेक पायरी खाली उतरला होता. शंभरावरून सहासष्ट, तेहेतीस, सोळा, आणि शेवटी तीन. हे तीन मोठे. आणि त्या यंत्रातून बाहेर पडायला एकच चालू तोंड, त्यावर पेनड्राइव्ह लावायचा. त्या तोंडाचा वेग बारा.

"बारा मोठे की छोटे?" मी दहा वाजता दुकानात पोचल्या पोचल्या विचारलं. मला वाटलं, आता मी शिकलो.

"छोटे."

मी वही काढली. बाराला आठानं भागलं, दीड. बाई म्हणाल्या, "आठानी नको, दहानी भागा. आठ मालाचं आन् दोन वाटखर्चाचं. आमी दहानीच धरतो. तीन तास लागतील."

इथं मी जी चूक केली ती नारळवाल्याच्या घरात जन्मलेला माणूसच करू जाणे. आमच्याकडे नारळ शेकड्यानं देतात. शंभर मोजून झाले की वर चार टाकायचे, कारण एखादा कुजका निघतो, एखादा टेम्पोत फुटतो. आमचा शेकडा एकशे चारांचा. पाच वर्षांचा असताना बाबांनी मला ढिगापाशी बसवून शिकवलेलं हे पहिलं गणित, आणि त्यातली पहिली ताकीद अशी की वरचे कधी शंभरातून काढायचे नाहीत, शंभरावर टाकायचे. बाईंनी "दोन वाटखर्चाचे" म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात ते दोन वर पडले. आठावर दोन म्हणजे पाव हिस्सा जास्त. दीडावर पाव हिस्सा टाकला, जवळजवळ एक पूर्णांक नऊ दशांश. तेरा हजाराला त्यानं भागलं. दोन तासांच्या आत.

"दोन तास," मी म्हणालो.

"तीन," बाई म्हणाल्या.

"तुम्ही वाटखर्च मालातून कापताय. तो वर देतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गाढवापुढे गीता वाचून झाल्यावर वाचणाऱ्याचा चेहरा कसा होत असेल तसा त्यांचा झाला होता, पण सर म्हटलं की थोडं सोसावं लागतं. "बरं," म्हणाल्या, आणि कळ दाबली.

पडद्यावर एक हिरवी पट्टी आली. आधी म्हणाली, अकरा तास उरले. मग चाळीस मिनिटं, मग पाच तास. मला हायसं वाटलं. कॉम्प्युटरलाही कळत नव्हतं. मी घरी फोन करून सांगितलं की बारा वाजता संपतंय, साडेबाराला घरी येतो, बाबांना जेवायला घालून ठेव. बायको म्हणाली, "ते सदरा घालून बसलेत."

बारा वाजले तेव्हा हिरवी पट्टी तिसरा हिस्सा खाऊन टाकलेल्या भाकरीसारखी दिसत होती. अर्ध्याच्या थोडी पुढे, बस्स. मी वहीत पुन्हा भागाकार केला आणि तेच उत्तर आलं. पुन्हा केला. समोर घडत होतं ते चूक आणि माझ्या वहीत लिहिलं होतं ते बरोबर, असं मला पंधरा-वीस मिनिटं मनापासून वाटत होतं, याची आज लाज वाटते. बाई एका शेतकऱ्याचं प्रतिज्ञापत्र टाइप करत होत्या. न वळता म्हणाल्या, "सर, त्याला टक लावल्यानी जोरानी न्हाय चालत."

बरोबर एक वाजून पाच मिनिटांनी संपलं. तीन तास आणि वर पाच मिनिटं. वर काही असायचंच होतं तर ते तेवढंच. बाईंनी पेनड्राइव्ह कागदात बांधून दिला आणि पैसे घेतले नाहीत. "बाबांना बघू द्या आधी," म्हणाल्या. मी आभारसुद्धा नीट मानले नाहीत, रिक्षाकडे पळालो.

घरी पोचलो तेव्हा दीड वाजला होता. दोनला गाडी. मी टीव्हीला लॅपटॉप जोडला, खिडक्या लावल्या, अंधार केला, आणि बटण दाबणार तेवढ्यात कोपऱ्यातला आकडा दिसला. एक तास, दोन मिनिटं.

अकरा पानं मी भरली होती. मोठे, छोटे, आठ, दहा, सगळं एकमेकांत बदलून बघितलं होतं. एका तासाची फिल्म बघायला एक तास लागतो, हे कुठल्याही पानावर नव्हतं. त्याला आठानं भागता येत नाही आणि दहानंही नाही. बाबा मान वर करून, डोळा त्या पडद्यावर नेमका बसवून वाट बघत होते.

"बाबा, अर्धाच तास आहे," मी म्हणालो. "मी पुढं नेतो, सरळ वाडीपासून लावतो."

"पुढं नेऊ नको. सुरुवातीपासून लाव."

"सुरुवातीला काही नाही हो. मी नुसता कॅमेरा शिकतोय."

"असू दे. मधेच घुसायला आपण चोर आहोत का?"

या माणसाशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. लावलं. पहिली पाच मिनिटं माझ्या पायांची. मग अंगणातली फरशी, मग घराची पुढची भिंत, मग भिंतीवरचं दिव्याचं बटण, जवळून, लांबून, पुन्हा जवळून. मग विहिरीवरचा पंप, चांगली चार मिनिटं. नमनालाच घडाभर तेल. बावीस वर्षांपूर्वीच्या त्या तरुण गाढवाचा मला एवढा राग आला की हाताशी असता तर कानाखाली वाजवली असती. बाबा मात्र खुशीत होते. "हा पंप तुझ्या काकानं बसवला होता, उलटा," म्हणाले. "ती फरशी काढायला नको होती." मी घड्याळ बघत होतो आणि ते फरशी बघत होते.

एक वाजून त्रेपन्न मिनिटांनी कॅमेरा वळून मागच्या दारातून वाडीत शिरला. उन्हाचे कवडसे पाटाच्या पाण्यावर पडले होते. पोफळींची रांग दिसली, आणि तिच्यामागे माड. बाबांनी हात गुडघ्यांवर टेकले. खुर्ची आणखी पुढे ओढली. त्यांचं नाक पडद्याला लागेल असं मला वाटलं. मान अगदी हळू खालून वर नेत होते, एक खोड संपलं की दुसरं. ते नळकांडं त्या चित्रावर फिरवत होते. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मी उठलो नाही. दुसऱ्यांदा वाजला. बायको आत आली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. बोट चुकली तर पुढची दीड-दोन तासांनी, आणि दाखल करायची वेळ टळली तर तारीख गेली.

"चला," बाबाच म्हणाले. "राहिलेलं आल्यावर बघू." त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि उठले. मी लॅपटॉप सोडवून पिशवीत टाकला.

बोटीवर मी लॅपटॉप उघडून बघितला. समुद्रावरचं ऊन, पडद्यावर सगळा उजेड, आणि डेक हलता. बाबांना चित्र सापडेना. "भुरकं दिसतंय. डोळ्यात पाणी येतं, राहू दे," म्हणाले. दवाखान्यात पोचल्या पोचल्या थेंब घालायला सुरुवात झाली, आणि त्यानंतर त्या डोळ्याला बघायला म्हणून वेळ उरला नाही.

पट्टी निघाली तेव्हा खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढं त्यांना कळत होतं. महिन्याभरात तेही कमी झालं. डॉक्टर म्हणाले, आम्ही आधी सांगितलं होतं. खरं होतं, सांगितलं होतं. बाईंनीही मला आधीच सांगितलं होतं, तीन तास. मी त्यांचं ऐकून फोन केला असता तर बायकोनं बाबांना घेऊन दुकानातच आणलं असतं, तिथून मांडवा जवळ, आणि आम्हाला पाऊण तास तरी जास्त मिळाला असता. हे मी बाबांना एकदा बोलून दाखवलं. "पाऊण तासात काय झालं असतं?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता. खरंच विचारत होते.

फिल्मच्या आता तीन प्रती आहेत. नव्या डिस्कवर ती पापणी लवायच्या आत उतरते. वेग कितीचा ते मी बघितलेलं नाही, बघणारही नाही. परवा दुपारी जेवण झाल्यावर बाबा धुतलेला सदरा घालून बाहेर आले, चाचपत खुर्चीपाशी गेले आणि ती नेहमीच्या जागी, टीव्हीपासून दोन फुटांवर ओढली. म्हणाले, "ती लाव. राहिली होती तिथून. तू सांग, मी ऐकतो."

मी लावली. फिल्मला आवाज आहे, पण त्यात फक्त वारा आणि माझा श्वास. मी त्यांच्या शेजारी खाली बसलो.

"काय दिसतंय?"

"वाडी."

"ते कळलं. वाडीत काय?"

"माड आहे. एकच, जवळून."

"कुठला?"

मी नीट बघितलं. याच वाडीत मी वाढलो. ते झाड मी माझ्या हातानं कॅमेऱ्यात धरलं होतं, मिनिटभर, मुळापासून शेंड्यापर्यंत. खोड होतं, झावळ्या होत्या, वर नारळ होते. मला ते झाड ओळखता येईना.

"उंच आहे, बाबा," मी म्हणालो.

"अरे, सगळेच उंच होते," ते म्हणाले, आणि मी आणखी काही सांगेन म्हणून वाट बघत राहिले.